वजनकाटा गावात, लेकरू फडात

दसरा झाला की धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी, भूम, कळंब, परंडा या पट्ट्यात ऊसतोडीच्या मुकादमांचे फोन सुरू होतात. पावसाळ्यात ज्यांनी उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यांचे पुढचे पाच-सहा महिने तेव्हाच ठरून गेलेले असतात. दिवाळी उरकते न उरकते तोच ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या गावात येऊन उभ्या राहतात. ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, सरपण, कोपीसाठी, म्हणजे फडावरच्या झोपडीसाठी, ताडपत्री, एखादी शेळी, चार कोंबड्या असा सगळा संसार चढतो आणि त्याच्यावर लेकरं बसतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जातं, कुणी साताऱ्याकडे, कुणी कर्नाटकात बेळगावच्या बाजूला. माणसं परततात ती गुढीपाडव्याच्या मागंपुढं, येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्रातली यात्रा जवळ आली की.

दिवाळीनंतरच्या याच दिवसांत या गावांतल्या अंगणवाड्या ओस पडू लागतात. वाढीचा तक्ता तिथंच राहतो, वजनकाटा तिथंच राहतो, पोषण आहाराची पाकिटं तिथंच येतात. ज्याच्यासाठी हे सारं, ते लेकरू दोन-तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात असतं. धाराशिवमधली बालआरोग्याची विषमता या अंतरात आहे. मुलांपर्यंत अन्न आणि औषध पोचवण्याच्या योजना आपल्याकडे आहेत, पण त्या गावाला बांधलेल्या आहेत. मूल आईला बांधलेलं असतं, आणि आई कोयत्याला.

जगवलं, पण वाढवलं नाही

२०१८ साली नीती आयोगानं देशातले मागे राहिलेले जिल्हे निवडून ‘आकांक्षित जिल्हे’ हा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून त्यात चार जिल्हे गेले: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. कुपोषण म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढं मेळघाट येतो, धडगाव-अक्कलकुवा येतं. धाराशिव येत नाही. इथं घनदाट जंगल नाही, पावसाळ्यात तुटणारे दुर्गम पाडे नाहीत. रस्ते आहेत, साखर कारखाने आहेत, तुळजाभवानीच्या दर्शनाला राज्यभरातून माणसं येतात. इथल्या कुपोषणाची बातमी होत नाही, कारण ते मुलाला एकाएकी नेत नाही. ते त्याची वाढ खुंटवतं, आणि खुंटलेलं मूल घरच्यांनाही ‘अंगानं बारीकच आहे’ एवढंच वाटतं.

राज्याचे आकडेही हेच सांगतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातला पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर हजारामागे २८ निघाला. देशाचा ४२ होता. हे मोठं यश आहे आणि त्यामागं परिचारिकांचे, आशांचे, डॉक्टरांचे कष्ट आहेत. पण त्याच पाहणीत वयाच्या मानानं उंची कमी असलेली मुलं देशात ३५.५ टक्के आणि महाराष्ट्रात ३५.२ टक्के आढळली. उंचीच्या मानानं वजन कमी असलेली मुलं देशात १९.३ टक्के, तर महाराष्ट्रात २५.६ टक्के. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमधला रक्तक्षय आधीच्या पाहणीत ५४ टक्के होता, तो ६९ टक्क्यांवर गेला. देशातल्या सधन राज्यांत गणलं जाणारं आपलं राज्य मुलांना मरणापासून वाचवण्यात देशाच्या पुढं आहे आणि त्यांना वाढवण्यात देशाच्या बरोबरीला किंवा मागं आहे.

सरासरीच्या आड गरीब-श्रीमंतांतली दरी लपते. याच पाहणीत देशातल्या सर्वांत गरीब एक पंचमांश घरांतली ४६ टक्के मुलं खुंटलेली होती, सर्वांत सधन एक पंचमांश घरांतली २३ टक्के. पाच वर्षांखालचे मृत्यू गरीब घरांत हजारी ५९, सधन घरांत २०. आई शाळेत गेलेलीच नसेल तर ४६ टक्के मुलं खुंटलेली, तिनं बारा किंवा अधिक वर्षं शिक्षण घेतलं असेल तर २६ टक्के.

जगवणं आणि वाढवणं यांत एक मूलभूत फरक आहे. जीव वाचवायचा तर ठरावीक क्षणी ठरावीक गोष्ट व्हावी लागते: दवाखान्यात बाळंतपण, वेळेवर लस, जुलाबात क्षारसंजीवनी, १०८ची गाडी. सरकारी यंत्रणेला हे जमतं, कारण त्याचा दिवस ठरवता येतो. वाढीला असा एक दिवस नसतो. आईच्या पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस रोजच्या रोज काही ना काही लागतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मागेल तेव्हा. पुढं दुधाबरोबर वरचं अन्न, तेही थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, कारण पोट छोट्या वाटीएवढंच असतं. स्वच्छ पाणी, धुतलेले हात. आजारपण आलं तर त्यानंतर आठ-दहा दिवस जरा जास्त भरवणं. या प्रत्येक गोष्टीसाठी आधी एक माणूस मोकळं असावं लागतं, आणि ते माणूस बहुतेक घरांत आई असते.

आईचा दिवस कुणाच्या मालकीचा?

ऊसतोडीत मजूर मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीच्या नावावर असते, काम जोडीचं असतं, पैसे टनावर असतात. जानेवारी २०२४मध्ये ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. जोडीनं दिवसभर राबून दीड-दोन टन ऊस तुटतो. तो ऊस तोडायचा, वाढं साळायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. गाडी रात्री आली तर भरणीही रात्री. दोघांपैकी एक जरी बसलं तरी कोयता मोडतो, आणि कामावर न गेल्याचा ‘खाडा’ उचलीत चढतो.

आता या दिवसात लेकराचा वाटा शोधू. बाई पहाटे तीन-चारला उठते, पाणी आणते, भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात पोचते. अंगावर पिणारं मूल बरोबर नेतात, बांधावरच्या झाडाला झोळी बांधतात. झाड नसेल तर वाढ्यांच्या सावलीत चादर अंथरतात. रांगतं मूल कोपीवर मोठ्या बहिणीच्या हवाली करतात. ती बहीण स्वतः सात-आठ वर्षांची असते. सकाळची भाकरी दुपारी तीच, हाताशी पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. पाणी कधी विहिरीचं, कधी पाटाचं. मूल जुलाबानं हैराण झालं तरी दवाखाना गाठायचा म्हणजे अर्धा दिवस आणि खाडा, म्हणून आधी ओळखीच्या दुकानातली गोळी. या आईला मुलाचं कळत नाही, असं म्हणणारा माणूस तिच्या दिवसाचा हिशेब मांडत नाही. तिला सगळं कळतं. तिच्याजवळ वेळ नसतो, कारण तिचा वेळ आधीच विकला गेलेला असतो आणि त्याचे पैसे पावसाळ्यात लग्नात, आजारपणात, नापिकीत खर्च झालेले असतात.

या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. तेर हे संत गोरा कुंभारांचं गाव. त्यांची कथा मराठी घरात सर्वांना ठाऊक आहे: गोरोबा चिखल तुडवत आहेत, मुखी विठ्ठलाचं नाव आहे आणि रांगतं बाळ पायाखाली येतं. या कथेतली भक्ती आपण नेहमी सांगतो. बाळ तिथं एकटं का होतं, हे तीच कथा सांगते. आई पाणी आणायला गेली होती आणि बाप कामात होता. कष्टकऱ्याच्या घरात दोन्ही माणसांचे हात गुंतलेले असले की मुलाकडं बघायला कुणी उरत नाही, ही आठवण त्या कथेनं शेकडो वर्षं जपून ठेवली आहे. कथेतलं बाळ विठ्ठलानं परत दिलं. आजच्या बाळांची जबाबदारी आपल्यावर आहे.

आणि मुलांची ही आबाळ एका पिढीत संपत नाही. हंगामी वसतिगृहं शाळेच्या वयाच्या मुलांसाठी असतात. २०२१पासून संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी सुरू झाली. पण सहा वर्षांखालच्या मुलाला आईबरोबरच जावं लागतं, आणि त्याला सांभाळायला बहिणीला शाळा सोडावी लागते. ती वयात आली की तिला कोपीवर एकटी ठेवायची धास्ती, आणि जोडी जमली तर उचल मिळते हेही असतंच. मग लवकर लग्न. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २२ टक्के होतं. मराठवाड्यातल्या परभणीत ते ४८, धाराशिवच्या शेजारच्या बीडमध्ये जवळपास ४४. स्वतःचीच वाढ पुरी न झालेली मुलगी आई होते तेव्हा बाळाचं जन्मवजन अडीच किलोच्या खाली असण्याची शक्यता वाढते. ते बाळ शर्यतीला मागून सुरुवात करतं आणि पुन्हा त्याच फडात मोठं होतं.

कागद गावाचा

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिला पन्नास वर्षं होऊन गेली आहेत. अंगणवाडी सेविका मुलाचं वजन-उंची घेते, दंडाचा घेर मोजते. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर मूल तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. तीव्र कुपोषित मुलासाठी गावात ग्राम बालविकास केंद्र, प्रकृती गुंतागुंतीची असेल तर रुग्णालयातलं पोषण पुनर्वसन केंद्र. ही साखळी कागदावर चांगली आहे आणि जिथं मूल सलग डोळ्यांसमोर राहतं तिथं ती चालतेही.

पण या साखळीला सहा महिन्यांची फट आहे. ऑक्टोबरात मूल मध्यम कुपोषित होतं, एप्रिलमध्ये परत आलं तेव्हा तीव्र झालं होतं, मधलं कुणालाच ठाऊक नाही. उन्हाळा-पावसाळ्यात सेविका त्याला पुन्हा वर काढते आणि दिवाळीनंतर ते पुन्हा जातं. अंगणवाडी ताईंना नाव, वजन, फोटो सगळं मोबाइलवर भरावं लागतं; मूल समोर नसेल तर भरायचं काय? स्थलांतरित मुलांचा माग ठेवण्यासाठी राज्यानं अलीकडं संगणकीय व्यवस्था केली आहे, आणि ती योग्य दिशेची आहे. पण माग ठेवणं आणि सेवा देणं या दोन गोष्टी आहेत. फडाजवळच्या गावातली सेविका आपल्याच गावातल्या मुलांनी गांजलेली असते. कोपी गावाबाहेर तीन-चार किलोमीटरवर असतात आणि तोड संपली की दुसरीकडं हलतात.

सर्वोच्च न्यायालयानं १३ डिसेंबर २००६च्या आदेशात सांगितलं की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथं मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. कारखान्याच्या तळावरच्या मोठ्या वस्तीत चाळीस मुलं सहज भरतात. पण गळीत हंगामच पाच महिन्यांचा. वस्ती बसायला, मागणी करायला महिना आणि मंजुरीला तीन महिने धरले तर पहिली खिचडी शिजेपर्यंत हंगाम सरत आलेला असेल. हक्क आहे, पण तो एका जागी राहणाऱ्या माणसाच्या चालीनं चालतो.

आणखी एका घराचा विचार केला पाहिजे. पारधी वस्त्यांत आणि काही तांड्यांवर आजही जन्माच्या दाखल्यापासून अडचण सुरू होते. १८७१च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्या मुलांपर्यंत सरकार बराच काळ पोलिसांच्या रूपातच पोचलं. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला १९९३च्या सुमारास पारधी मुलांसाठी शाळा आणि वसतिगृह उभं राहिलं, तेव्हा तिथं आधी पोटभर जेवण आणि मग पाटी हाच क्रम होता. गरिबीतही पायऱ्या आहेत, आणि सर्वांत खालच्या पायरीवरचं मूल योजनेच्या यादीत सर्वांत शेवटी येतं.

ताटातून गेलेली डाळ

गावात राहिलेल्या मुलांचं सगळं बरं आहे असंही नाही. धाराशिव हा पर्जन्यछायेतला जिल्हा. ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, करडई ही इथली जुनी पिकं. घरात पैसा नसला तरी कणगीत ज्वारी आणि गाडग्यात डाळ असे. गेल्या दोन-तीन दशकांत खरिपाचं रान सोयाबीननं व्यापलं. सोयाबीनला रोख भाव मिळतो, ते लवकर निघतं, म्हणून शेतकऱ्यानं ते निवडलं. त्याला दोष देता येत नाही. पण सोयाबीन घरच्या चुलीवर चढत नाही, ते आडतीवर जातं. मुगाचं वरण विकत आणावं लागतं. भाव पडला किंवा पाऊस हुकला की पहिली काटछाट डाळीत आणि दुधात होते, आणि ती मुलाच्या वाटीत दिसते. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो, पोट भरतं, पण वाढीला लागणारी प्रथिनं आणि लोह त्यात पुरेसं नसतं.

याच जिल्ह्यातल्या बायकांनी याला उत्तर काढलं आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये पुनर्वसनाचं काम करताना प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायकांचे गट बांधले. पुढं दुष्काळाच्या वर्षांत त्यातून ‘एक एकर’ शेतीची कल्पना रुजली: कुटुंबाच्या जमिनीतला एक एकर बाईच्या हाती द्यायचा आणि तिथं भाज्या, डाळी, भरड धान्यं अशी घरात खायची पिकं कमी पाण्यात, सेंद्रिय पद्धतीनं घ्यायची. काय पेरायचं हे बाई ठरवू लागली की ताटात काय येतं ते बदलतं. २०१७ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. उस्मानाबादी शेळीनं या जिल्ह्याचं नाव देशभर नेलं. तिचं दूध आणि परसातलं अंडं लेकराच्या तोंडात पडणं हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे.

हे आपल्याला जमतं

बालमृत्यू आणि कुपोषण गावातल्या बाईच्या हातून कमी होतं, हे जगाला याच परिसरानं शिकवलं. भूम-परंड्याला लागून असलेल्या जामखेडला १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी निरक्षर, बऱ्याचदा दलित बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभं केलं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावोगावच्या बायकांमधून ‘भारतवैद्य’ घडवल्या. भूकंपानं उद्ध्वस्त झालेल्या सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभं राहिलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले: नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट. आज देशभर आशा ताई तीच पद्धत वापरतात.

सरकारी यंत्रणेलाही हे जमलं आहे. या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात मुलांचं वजन खरं नोंदवण्यापासून कामाला सुरुवात केली. त्यातून २००५मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन आलं. राज्यात दोन वर्षांखालची खुंटलेली मुलं २००५-०६मध्ये ३९ टक्के होती, २०१२च्या पाहणीत ती २३ टक्के आढळली. पुढं मात्र ही गती टिकली नाही. पाच वर्षांखालच्या मुलांतलं प्रमाण २०१५-१६मध्ये ३४.४ टक्के होतं आणि पाचव्या पाहणीतही ते तिथंच अडून राहिलं. गावात राहून जेवढं करता येतं त्याची मर्यादा आपण गाठली, असा याचा अर्थ मी लावतो. पुढची पायरी गावाबाहेर, कामाच्या जागी आहे.

ब्राझीलचं उदाहरण इथं उपयोगी आहे. तिथं १९७४-७५मध्ये पाच वर्षांखालची ३७ टक्के मुलं खुंटलेली होती, २००६-०७मध्ये ७ टक्के. सर्वांत गरीब घरांत हे प्रमाण ५९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलं. अभ्यासकांनी कारणं शोधली तेव्हा आईचं शिक्षण, गरिबांची वाढलेली खरेदीची ताकद, आरोग्यसेवा आणि पाणी-सांडपाण्याची सोय ही चार पुढं आली. यातलं काहीही पाकीट वाटून येत नाही. घराची कमाई आणि आईची परिस्थिती सुधारली तेव्हा मुलांची उंची वाढली.

धाराशिवच्या मुलांसाठी काय करायचं, तेही फार लांबचं नाही. हंगामापूर्वी कारखान्याला आणि मुकादमाला किती कोयते येणार हे माहीत असतं. करार त्यांच्याकडं असतात. या कोयत्यांची यादी सप्टेंबरमध्येच महिला व बालविकास विभागाकडं गेली तर कारखान्याच्या तळावर पहिल्या दिवसापासून अंगणवाडी उभी राहू शकते, आणि विखुरलेल्या टोळ्यांसाठी फिरती.

दुसरी गोष्ट पाळणाघराची. १९७२च्या दुष्काळातून महाराष्ट्रानं देशाला रोजगार हमी दिली. २००५च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून तिला मजुरी द्यायची तरतूद केली गेली. रस्त्याच्या कामासाठी जे ठरलं ते फडात का नाही? टोळीतल्याच एका बाईला पूर्ण मजुरी देऊन मुलं सांभाळायला ठेवली, तिच्याकडं दोन वेळचं गरम जेवण आणि स्वच्छ पाणी दिलं, तर झोळीतलं मूल आणि त्याची शाळा सुटलेली बहीण दोघंही वाचतात.

तिसरी गोष्ट बाळंतपणाची. कार्यालयात नोकरी करणाऱ्या आईला कायद्यानं २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, म्हणजे बाळाच्या अंगावरच्या दुधाचे पूर्ण सहा महिने. ऊसतोड करणाऱ्या आईला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. दोघींच्या बाळांना लागणारं दूध सारखंच असतं. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालं आहे. गाळपाच्या टनामागे कारखान्यानं दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं त्यासाठी ठरलं. महाराष्ट्रात बऱ्या हंगामात दहा कोटी टनांवर ऊस गाळला जातो. म्हणजे वर्षाला दोनशे कोटी रुपये. या पैशातला पहिला हक्क पोटुशी आणि ओल्या बाळंतिणीचा असला पाहिजे: सहा महिने फडात न उतरता तिची मजुरी तिला मिळावी आणि तिच्या वाट्याची उचल तेवढ्या काळापुरती थांबावी.

यात दया करण्यासारखं काही नाही. राज्याच्या साखर उद्योगाचा कणा या कुटुंबांच्या श्रमावर उभा आहे, आणि त्या श्रमाची खरी किंमत आज दोन वर्षांचं मूल आपल्या उंचीनं आणि वजनानं फेडतं आहे. ती किंमत उद्योगानं आणि सरकारनं भरायची आहे. धाराशिवमधल्या कुठल्याही मुलाचं वजन दर महिन्याला, ते जिथं असेल तिथं घेतलं गेलं पाहिजे, आणि त्यासाठी त्याच्या आईच्या नावावर एकही खाडा पडता कामा नये. पुढच्या गळीत हंगामाचा परवाना देताना सरकारनं प्रत्येक कारखान्याला ही अट घालावी.